पंप बंद पडला की आधी काय टाकायचं? डायबेटिसच्या कॉम्प्लिकेशन्स आणि इन्शुलिन पंप फेल्युअरचं कोडिंग, पायरी पायरीने

चार्ट, म्हणजे ज्यातले आजार आपण कोडमध्ये बसवतो ती पेशंटची नोंद, साधारण असा येतो. तिशीतला पेशंट, टाइप १, इन्शुलिन पंपावर. रात्री कधीतरी पंपाची मोटर बंद पडली, सकाळी उलट्या सुरू, इमर्जन्सीत आणला, तिथून डीकेए (डायबेटिक कीटोॲसिडोसिस, इन्शुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठणं) म्हणून ॲडमिट. डिस्चार्ज समरीच्या पहिल्याच ओळीत ठळक अक्षरात डीकेए लिहिलेलं. आता सांगा, प्रिन्सिपल डायग्नोसिस, म्हणजे सगळ्यात पहिलं टाकायचं, कुठलं?

मी माझ्या पहिल्या वर्षी अशाच एका चार्टवर डोळे झाकून डीकेए पहिलं टाकलं होतं. एवढा आजारी माणूस, आयसीयूत दोन दिवस, मग दुसरं काय पहिलं येणार असं मला वाटलं. चार्ट ऑडिटमधून परत आला आणि शेऱ्यात फक्त गाइडलाइनचा नंबर: सेक्शन १, सी, ४, ए, ५. उघडून वाचलं तर तिथे सरळ लिहिलेलं होतं की पंप फेल झाल्यामुळे इन्शुलिन कमी पडलं असेल तर पंपाचा कोड पहिला. वाद घालायला जागाच नाही.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीये. डायबेटिसचा चार्ट हातात आला की शुगरचा आकडा बघायच्या आधी विचारायचं की बिघडलं काय? शरीर बिघडलं, यंत्र बिघडलं, का माणसाच्या हातून चुकलं? या तिन्हीची कोडची रांग वेगळी लागते. खालचं सगळं त्याच प्रश्नाभोवती फिरतं.

आधी दोन गोष्टी सांगून टाकतो. हे सगळं आयसीडी-१०-सीएमबद्दल आहे, म्हणजे अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून चालू असलेली डायग्नोसिस कोडिंगची पद्धत, जी दर वर्षी १ ऑक्टोबरला अपडेट होते. डब्ल्यूएचओच्या मूळ आयसीडी-१० मधले डायबेटिसचे कोड वेगळे पडतात, तिथे ई१२ आणि ई१४ आहेत, सीएममध्ये हे दोन्ही नाहीतच, त्यामुळे नेटवरून कुठलीही यादी उचलू नका. दुसरं म्हणजे इथे कोड देवनागरीत लिहिलेत, सॉफ्टवेअरमध्ये टाकताना अर्थातच रोमन अक्षरं आणि आकडे येतील. ई११.६५ मधला ई, टी८५ मधला टी, झेड७९ मधला झेड, आणि मध्ये 'एक्स' दिसला तर तो प्लेसहोल्डर, म्हणजे नुसती जागा भरणारं अक्षर.

पायरी १: डायबेटिसचा प्रकार ठरवा

पाच कॅटेगरी आहेत. ई०८ म्हणजे दुसऱ्या आजारामुळे झालेला, ई०९ औषध किंवा केमिकलमुळे झालेला, ई१० टाइप १, ई११ टाइप २, ई१३ इतर. प्रोव्हायडरने, म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरने, प्रकार लिहिलाच नसेल तर डिफॉल्ट ई११. आणि इथेच लोक घसरतात, कारण पेशंट इन्शुलिनवर आहे एवढ्यावरून टाइप १ होत नाही. वय लहान आहे म्हणूनही होत नाही. प्रकार लिहिलेला नाही आणि इन्शुलिन चालू आहे, तरी ई११ च. फक्त पंपावर असलेल्या पेशंटच्या चार्टमध्ये प्रकार लिहिला नसेल तर मी गप्प बसून ई११ टाकत नाही, क्वेरी करतो, म्हणजे प्रोव्हायडरला लेखी विचारतो, कारण पंपावर टाइप १ चेच पेशंट जास्त असतात आणि एका क्वेरीने पुढचे चार कोड सुधारतात.

ई०८ मध्ये मूळ आजार आधी येतो, म्हणजे सिस्टिक फायब्रोसिसमुळे डायबेटिस असेल तर ई८४ आधी आणि ई०८ नंतर. स्टेरॉइड बरोबर घेऊनसुद्धा डायबेटिस झाला तर ई०९ आणि जोडीला टी३८.०एक्स५ए. पॅनक्रियाज काढल्यावर झालेल्या डायबेटिसला ई८९.१ आधी, मग ई१३ मधला कोड, मग झेड९०.४१ मधला, पूर्ण काढलं असेल तर झेड९०.४१०, काही भाग काढला असेल तर झेड९०.४११. प्रेग्नन्सी असेल तर ओ२४ सगळ्यात पुढे. ते चॅप्टर वेगळं आहे, इथे त्यात शिरत नाही.

पायरी २: कॉम्प्लिकेशन्स शोधा, आणि 'विथ' हा शब्द नीट समजून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंडेक्समध्ये, म्हणजे कोडबुकच्या अक्षरवार सूचीत, डायबेटिसच्या खाली 'विथ' अशी एक लांबलचक यादी आहे. त्या यादीत जे नाव आहे ते आणि डायबेटिस, दोन्ही चार्टमध्ये असतील तर त्यांचा संबंध आहे असं धरायचं, प्रोव्हायडरने 'ड्यू टू' लिहिलं नसलं तरी. क्रॉनिक किडनी डिसीज (सीकेडी), न्यूरोपथी (नसांचा त्रास), फूट अल्सर, गँगरीन, ऑस्टिओमायलायटिस, मोतीबिंदू, ही सगळी त्या यादीत आहेत. प्रोव्हायडरने स्पष्ट लिहिलं की किडनीचा आजार पॉलिसिस्टिक किडनीमुळे आहे, तर मात्र संबंध तुटला.

उलट जे यादीत नावानिशी नाही ते आपल्या मनाने जोडायचं नाही. कोलेस्टेरॉल वाढलंय, डायबेटिसही आहे, दोन्ही एकाच नोटमध्ये, म्हणून कोणी ई११.६९ लावून मोकळं होतं, ते चूक. हायपरलिपिडिमिया डायबेटिसमुळे आहे असं प्रोव्हायडरने लिहिलं तरच ई११.६९ आणि जोडीला ई७८.५. नाहीतर दोन्ही सुटे सुटे.

किडनी घ्या. टाइप २, सीकेडी स्टेज ३बी, आणि बीपीपण आहे. कोड तीन: ई११.२२, आय१२.९, एन१८.३२. बीपी आणि सीकेडीचाही संबंध धरलाच जातो, त्यामुळे नुसत्या बीपीचा आय१० टाकला तर चुकलं. स्टेज ३ चे तुकडे २०२० च्या ऑक्टोबरपासून झालेत, एन१८.३१ म्हणजे ३ए, एन१८.३२ म्हणजे ३बी, आणि ए का बी लिहिलं नसेल तर एन१८.३०. लॅबचा जीएफआर बघून स्टेज आपण ठरवायची नाही, ते आपलं काम नाही. स्टेज ५ किंवा ईएसआरडी (किडनी शेवटच्या टप्प्यात निकामी) असेल तर आय१२.९ च्या जागी आय१२.०, आणि डायलिसिस चालू असेल तर झेड९९.२ विसरू नका.

पायाचा अल्सर. ई११.६२१ एकटा कधीच जात नाही, त्याच्या मागे एल९७ मधला कोड लागतो, जागा, बाजू आणि खोली सांगणारा. टाच आणि मधला भाग एल९७.४ मध्ये, बोटं वगैरे पायाचा बाकीचा भाग एल९७.५ मध्ये. उजव्या पायाचं बोट, चरबीचा थर दिसतोय, तर एल९७.५१२. आता एक सोय ऐका. अल्सर आहे हे डायग्नोसिस प्रोव्हायडरनेच लिहायला हवं, पण खोली किती हे नर्सच्या किंवा वूंड केअरच्या नोटवरून घेता येतं. कित्येक कोडर हे विसरतात आणि शेवटी ९ वाला अनस्पेसिफाइड टाकतात, जेव्हा की वूंड नर्सने दोन पानं सोडून सगळं मोजून लिहिलेलं असतं.

नसांचं बघू. नुसतं 'डायबेटिक न्यूरोपथी' लिहिलं तर ई११.४०. 'पेरिफेरल न्यूरोपथी' लिहिलं तर ई११.४२, कारण इंडेक्स पेरिफेरलला पॉलिन्यूरोपथीकडे पाठवतो. एका शब्दाचा फरक आहे आणि तो रोज चुकतो. गॅस्ट्रोपरेसिस (पोट हळू रिकामं होणं) असेल तर ई११.४३ सोबत के३१.८४. शार्को जॉइंट (नसांमुळे बिघडलेला सांधा) मात्र ई११.४ मध्ये शोधत बसू नका, तो ई११.६१० आहे.

डोळ्यांत सातवं अक्षर डोळा सांगतं: १ उजवा, २ डावा, ३ दोन्ही, ९ माहीत नाही. दोन्ही डोळ्यांत प्रोलिफरेटिव्ह रेटिनोपथी आणि मॅक्युलर इडिमा म्हणजे ई११.३५१३. पण ई११.३११ आणि ई११.३१९ या अनस्पेसिफाइड रेटिनोपथीच्या कोडना सातवं नाही, आणि ई११.३७ ला मध्ये एक्स घालावा लागतो, ई११.३७एक्स१ असा. एनकोडर, म्हणजे कोडिंगचं सॉफ्टवेअर, पकडतोच म्हणा, पण सवय असलेली बरी.

रक्ताभिसरणाचं पटकन: पेरिफेरल अँजिओपथी ई११.५१, गँगरीनसकट ई११.५२.

आणि आता शुगरचे शब्द, ज्यावर मी अख्खा लेख लिहू शकतो. 'पुअरली कंट्रोल्ड', 'आउट ऑफ कंट्रोल', 'इनॲडिक्वेटली कंट्रोल्ड' हे तिन्ही थेट हायपरग्लायसेमियाकडे, म्हणजे चढलेल्या शुगरकडे, जातात, ई११.६५. पण 'अनकंट्रोल्ड' एवढंच लिहिलं तर थांबा. अनकंट्रोल्ड म्हणजे वर का खाली? इंडेक्स दोन्ही बाजूला रस्ता दाखवतो, कुठे जायचं ते प्रोव्हायडरने सांगायला हवं. एचबीएवनसी ११ आहे म्हणून आपणच ई११.६५ लावायचं नाही. शुगर कमी झाली असेल तर कोमाशिवाय ई११.६४९, कोमासकट ई११.६४१, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून सोबत हायपोग्लायसेमियाची लेव्हल सांगणारे ई१६.ए१, ई१६.ए२, ई१६.ए३ आलेत. लेव्हल १ म्हणजे ७० च्या खाली पण ५४ किंवा वर, लेव्हल २ म्हणजे ५४ च्या खाली, लेव्हल ३ म्हणजे आकडा काहीही असो, पेशंटची अवस्था अशी की दुसऱ्याने मदत करावी लागली.

डीकेए: टाइप १ ला ई१०.१०, कोमा असेल तर ई१०.११. टाइप २ ला डीकेएचा स्वतःचा कोड २०१७ च्या ऑक्टोबरपर्यंत नव्हताच, आता ई११.१० आणि ई११.११ आहेत. हायपरऑस्मोलर स्टेटला ई११.००, कोमासकट ई११.०१.

एकाच पेशंटला यातले पाच लागत असतील तर पाचही लावा, मर्यादा नाही. फक्त एक कॉम्प्लिकेशनचा कोड लावला की ई११.९ काढून टाका. 'विदाउट कॉम्प्लिकेशन' आणि 'विथ सीकेडी' एकाच क्लेमवर शेजारी शेजारी बसलेले मी बघितलेत, बघणाऱ्याला हसू येतं.

पायरी ३: औषधांचे कोड

इन्शुलिन कायम चालू असेल तर झेड७९.४, तोंडावाटे गोळ्या झेड७९.८४, इन्शुलिन सोडून दुसरी इंजेक्शनं, म्हणजे जीएलपी-१ वगैरे, झेड७९.८५, हा कोड २०२२ च्या ऑक्टोबरला आला. गोळ्या आणि इन्शुलिन दोन्ही असतील तर दोन्ही कोड. पूर्वी फक्त इन्शुलिनचा लावायचा असं होतं, जुन्या नोट्स वाचून कोडिंग करणारे अजून तसंच करतात. टाइप २ च्या पेशंटला ॲडमिट असताना शुगर आणायला तात्पुरतं इन्शुलिन दिलं तर झेड७९.४ नाही. आणि ई१० ला झेड७९.४ लावायची सूचनाच टॅब्युलरमध्ये, म्हणजे कोडच्या क्रमवार यादीत, नाही, टाइप १ म्हणजे इन्शुलिन असणारच.

पायरी ४: यंत्राचं नेमकं काय बिघडलं

आता मुद्द्यावर आलो. इन्शुलिन पंपाच्या मेकॅनिकल बिघाडाचे कोड टी८५.६ मध्ये आहेत आणि चार आहेत. तुटला, बंद पडला, मोटर गेली, म्हणजे ब्रेकडाउन: टी८५.६१४. जागचा हलला, निघाला, म्हणजे डिस्प्लेसमेंट: टी८५.६२४. गळती: टी८५.६३३. बाकीचं मेकॅनिकल, म्हणजे अडकणं, ट्यूब दुमडून प्रवाह थांबणं वगैरे: टी८५.६९४. गळतीचा शेवटचा आकडा ३ आहे हे डोक्यात पक्कं करा, कारण बाकी तिन्ही ४ वर संपतात आणि हात आपोआप ६३४ टाइप करतो. माझा अजून करतो.

कोणाला प्रश्न पडेल की पंप तर बाहेर कमरेला लावलेला असतो आणि टी८५ च्या नावात 'इंटर्नल' लिहिलंय. गाइडलाइनमध्ये मात्र या गटाचं नाव सांगताना इंटर्नल आणि एक्स्टर्नल दोन्ही म्हटलंय आणि पंपाचा वेगळा परिच्छेद दिलाय, त्यामुळे बाहेरचा पंपही इथेच.

नर्सिंग नोट वाचा म्हणतो ते यासाठी. प्रोव्हायडर 'पंप फेल्युअर' एवढंच लिहितो. ट्रायाजच्या नोटमध्ये लिहिलेलं असतं की कॅन्युला (त्वचेत घातलेली बारीक नळी) निघून टी-शर्ट ओला झाला होता, किंवा ऑक्लुजनचा, म्हणजे नळी तुंबल्याचा, अलार्म वाजत होता. त्यावरून कोड आपण ठरवायचा नाही, पण क्वेरीत काय विचारायचं ते कळतं.

पंपाच्या जागेवर इन्फेक्शन झालं तर तो मेकॅनिकल बिघाड नव्हे, टी८५.७२एक्सए, आणि सोबत इन्फेक्शनचा कोड, पोटाच्या भिंतीवर सेल्युलायटिस असेल तर एल०३.३११.

पायरी ५: रांग लावा

इन्शुलिन कमी पडलं असेल तर क्रम असा: पहिला टी८५.६ मधला पंपाचा कोड, दुसरा टी३८.३एक्स६ए म्हणजे इन्शुलिनचं अंडरडोसिंग, मग डायबेटिसचा प्रकार आणि कॉम्प्लिकेशन. सुरुवातीचा चार्ट आठवा, मोटर गेली, डीकेए झाला: टी८५.६१४ए, टी३८.३एक्स६ए, ई१०.१०. डीकेए झाला नाही, फक्त शुगर चढली आणि कॅन्युला निघाली होती, तर टी८५.६२४ए, टी३८.३एक्स६ए, ई१०.६५.

इन्शुलिन जास्त गेलं असेल तर पहिला परत पंपाचाच, पण दुसरा टी३८.३एक्स१ए, म्हणजे ॲक्सिडेंटल पॉइझनिंग. लोकांना हे खटकतं, कारण पॉइझनिंगचा कोड नेहमी पहिला असं घोकलेलं असतं. पंपाच्या बाबतीत गाइडलाइनच पंपाला पुढे बसवते. मग ई१०.६४९, आणि लेव्हल लिहिली असेल तर ई१६.ए मधला.

टी३८.३ च्या पुढचा आकडा एकदा लक्षात ठेवला की अर्धं काम झालं: १ चुकून, २ मुद्दाम स्वतःला इजा, ३ दुसऱ्याने केलं, ४ ठरवता आलं नाही, ५ बरोबर घेऊनही त्रास झाला, ६ कमी पडलं. ६ वाला कधीच पहिला येत नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही.

क्रम बदलला की डीआरजी, म्हणजे हॉस्पिटलला मिळणारे पैसे ठरवणारा गट, बदलतो हे सांगायला नको. डीकेए प्रिन्सिपल असेल तर ६३७ ते ६३९ या डायबेटिसच्या घरात जातो, टी८५ पुढे आला की घरच बदलतं. म्हणून कोणी पैशाचं गणित बघून क्रम लावायला सांगितला तर गाइडलाइनचा नंबर पुढे करा आणि गप्प राहा.

झेड९६.४१, म्हणजे पंप आहे हे सांगणारा स्टेटस कोड, टी८५.६१४ सोबत लावायचा का यावर कोडर भांडतात. मी लावत नाही. पंप बंद पडला असं सांगणाऱ्या कोडमध्ये पंप आहे हे आलंच की. पंप ठीक आहे आणि पेशंट दुसऱ्याच कारणाने आला तेव्हा झेड९६.४१. पंप लावायला किंवा सेटिंग बदलायला आला तर झेड४६.८१.

पायरी ६: सातवं अक्षर

ए, डी, एस. इथे गैरसमज असा की ए म्हणजे पहिली व्हिजिट. नाही. ए म्हणजे त्या बिघाडावर ॲक्टिव्ह ट्रीटमेंट चालू आहे, मग डॉक्टर नवा असो की जुना, व्हिजिट पहिली असो की तिसरी. ती ट्रीटमेंट संपून नुसता फॉलोअप असेल तर डी. नंतर राहून गेलेल्या परिणामाला एस.

टी८५.६१४ ला आधीच सहा कॅरेक्टर आहेत म्हणून ए थेट लागतो. टी८५.७२ ला पाचच आहेत म्हणून मध्ये एक्स. टी३८.३एक्स६ मध्ये एक्स आधीच आत बसलेला आहे, अजून एक घालू नका.

पायरी ७: पंप बिघडल्यासारखा दिसतो पण बिघडलेला नसतो

खरं डोकं इथे लागतं. आणि माझ्या मते ऑडिटमध्ये परत येणारे चार्टही इथलेच असतात.

पेशंट म्हणतो पंप बंद होता. पुढे वाचल्यावर कळतं की चार्ज करायला विसरला, बॅटरी संपली. यंत्र धडधाकट आहे. इथे टी८५ नाही. डीकेएच पहिला, ई१०.१०, मग टी३८.३एक्स६ए, मग झेड९१.१३८, म्हणजे नकळत डोस कमी पडला, कारण दुसरंच काही. पैसे नाहीत म्हणून इन्शुलिन पुरवून पुरवून वापरत होता असं लिहिलं असेल तर ते जाणूनबुजून झालं, झेड९१.१२०. हा कोड लावायला हात आखडू नका, त्या माणसाची खरी अडचण चार्टमध्ये फक्त त्याच जागी दिसते.

दुसरा. पंप नीट चालतोय, पेशंटने बोलसचा, म्हणजे जेवणाच्या वेळच्या डोसचा, हिशोब चुकवला, डबल इन्शुलिन घेतलं. टी८५ नाही, आता पॉइझनिंग पहिला: टी३८.३एक्स१ए, मग ई१०.६४९. तिसरा, डोस बरोबर, पंप बरोबर, पण जेवण राहिलं म्हणून शुगर पडली. हा ॲडव्हर्स इफेक्ट. ई१०.६४९ आधी आणि टी३८.३एक्स५ए नंतर. पायरी ५ मधला पंपाने जास्त इन्शुलिन दिलेला आणि हे दोन, असे तीन पेशंट, तिघांनाही हायपोग्लायसेमिया, शुगरचा आकडा एकच असेल कदाचित, आणि तिघांची रांग वेगळी.

इन्शुलिन पेन बिघडलं तर? पेन शरीराला लावलेलं यंत्र नाही, पंपाचे कोड त्याला लागत नाहीत. तिथे अंडरडोसिंगच्या वाटेने जायचं. तसंच ग्लुकोज सेन्सरचं. सेन्सरने खोटं रीडिंग दिलं म्हणून पंपाचा कोड लावायचा नाही, टी८५.६१४ च्या नावातच इन्शुलिन पंप आहे.

आणि 'प्रॉबेबल पंप मालफंक्शन', 'सस्पेक्टेड' वगैरे. आउटपेशंटमध्ये, आणि इमर्जन्सीतून घरी गेलेला पेशंटही आउटपेशंटच, असं काही कोड करायचं नाही, जे पक्कं आहे तेवढंच, म्हणजे डीकेए किंवा हायपरग्लायसेमिया. इनपेशंटमध्ये डिस्चार्जच्या वेळीही 'प्रॉबेबल' लिहिलेलं राहिलं असेल तर ते आहे असं धरून कोड करता येतं. मध्येच तिसऱ्या दिवशी लिहिलं आणि डिस्चार्जला त्याचा उल्लेखच नाही, तर ते पुरत नाही.

पायरी ८: क्वेरी कशी लिहायची

छोटी लिहा, आणि उत्तर सुचवू नका. 'पेशंटला पंप फेल्युअरमुळे डीकेए झाला ना, कृपया तसं लिहा' ही क्वेरी नाही, ती विनवणी आहे, आणि ऑडिटरच्या हाती लागली तर महागात पडते. त्याऐवजी चार्टमध्ये काय आहे ते मांडा: ट्रायाज नोटनुसार पंपावर ऑक्लुजन अलार्म, बायकार्ब ९, कीटोन पॉझिटिव्ह, डिस्चार्जला डीकेए, कारण लिहिलेलं नाही. मग विचारा, डीकेएचं कारण नोंदवता येईल का, आणि पर्याय द्या: पंपाचा बिघाड (कोणत्या प्रकारचा), पेशंटकडून डोस चुकणे, इन्फेक्शन, इतर, सांगता येत नाही. शेवटचे दोन पर्याय ठेवायचेच.

कॉम्प्लिकेशनचा कोड म्हटला की यंत्र आणि त्रास यांचा संबंध प्रोव्हायडरने लिहिलेला हवा. पंपाला 'विथ' वाला नियम लागू होत नाही, पायरी २ ची सवय इथे आणू नका. पंप बदलला आणि डीकेए होता, दोन्ही एकाच नोटमध्ये आहेत, म्हणून एकाने दुसरं झालं असं आपण म्हणायचं नाही.

आता एक अख्खा चार्ट लावून बघू

टाइप २, बीपी, सीकेडी ३ए, पेरिफेरल न्यूरोपथी, डाव्या टाचेवर अल्सर, पंप आणि गोळ्या दोन्ही चालू. ट्यूबच्या जोडणीतून इन्शुलिन गळत होतं, तीन दिवस शुगर चढलेली, ॲडमिट केला. प्रोव्हायडर लिहितो: 'पंपाच्या गळतीमुळे इन्शुलिन कमी पडून हायपरग्लायसेमिया.' वूंड नर्स लिहिते: 'डावी टाच, चरबीचा थर उघडा.'

यंत्र बिघडलं, म्हणून टी८५.६३३ए पुढे. मग टी३८.३एक्स६ए. मग ई११.६५, कारण गळतीचा परिणाम तो. आता शरीराचं: ई११.२२, आय१२.९, एन१८.३१. ई११.४२. ई११.६२१ आणि एल९७.४२२, यातली ४ टाच, पहिला २ डावी बाजू, दुसरा २ चरबीचा थर, आणि तो शेवटचा २ नर्सच्या नोटमुळे मिळाला. झेड७९.४ आणि झेड७९.८४ दोन्ही. झेड९६.४१ मी सोडतो. एकूण अकरा कोड झाले.

समजा याच चार्टमध्ये गळतीची ओळ नसती, फक्त 'शुगर चढली म्हणून ॲडमिट, पंप बदलला' एवढंच असतं, तर ई११.६५ पहिला आला असता आणि टी८५ कुठेच नसता. ती ओळ नसलेला चार्ट आला आणि नर्सिंग नोटमध्ये ओल्या ड्रेसिंगचा उल्लेख दिसला, तर कोड न टाकता आधी क्वेरी पाठवा आणि चार्ट होल्डवर ठेवा.